न्यायाधीश रानडे आणि महार सैनिकांचा अर्ज

आंबेडकरी वृत्तपत्रात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न आमच्या अनेक वाचकांना पडेल. प्रश्न रास्तच आहे. रानडे चित्पावन ब्राह्मण होते, इंग्रज सरकारचे नोकर होते. त्यांनी पाठविलेले ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली साफ नाकारले होते. रानड्यांच्या आरत्या ओवाळणारे पुष्कळ आहेत, त्यात आमची भर पडण्याची गरज नाही.

तरीही आम्ही लिहीत आहोत, याचे कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातील गोखले स्मारक सभागृहात रानड्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त बाबासाहेबांनी व्याख्यान दिले. रानडे, गांधी आणि जीना या नावाने ते पुस्तकरूपात उपलब्ध आहे. त्यात बाबासाहेबांनी एक घरची हकीकत सांगितली. वडील सुभेदार रामजी यांच्या जुन्या कागदपत्रांत त्यांना एका अर्जाची प्रत सापडली. १८९२ साली सरकारने महारांची लष्करभरती बंद केली होती. त्या आदेशाविरुद्ध महार लष्करी अंमलदारांनी हिंदुस्थान सरकारकडे पाठविलेला तो अर्ज होता. बाबासाहेबांनी चौकशी केली तेव्हा कळले, की त्याचा मसुदा रानड्यांनी करून दिला होता.

सरकारचा पगार खाणारा एक न्यायाधीश सरकारच्याच हुकुमाविरुद्ध अस्पृश्य सैनिकांचा अर्ज लिहून देतो. हा माणूस त्या खुर्चीपर्यंत कसा पोहोचला, तिथे बसून त्याने काय केले आणि काय करण्याचे त्याला धैर्य झाले नाही, हे आमच्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे. कारण तालुक्याच्या न्यायालयातून वर जाणारा तो रस्ता आज जाफराबादच्या आमच्या पोरापोरींनाही खुला आहे. रानड्यांच्या काळी तो आमच्यासाठी बंद होता.

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. वडील गोविंदराव कारकुनी पेशाचे, पुढे कोल्हापुरात नोकरीला. महादेवचे सुरुवातीचे शिक्षण कोल्हापुरात झाले आणि मग मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत. त्याच सुमारास, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता आणि तो त्याला नाकारण्यात आला. बाबासाहेबांनी या प्रकरणाचा उल्लेख केलेला आहे. हे दोन विद्यार्थी एकाच मुंबई इलाख्यातले होते, हे विसरता कामा नये. रानड्यांची बुद्धिमत्ता अस्सल होती, त्यांचे कष्टही खरे होते. वाचून वाचून त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. परंतु धारवाडच्या त्या मुलाला डोळे अधू करून घेण्याचीही संधी मिळाली नाही. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना हा हिशेब कधी तरी मांडून दाखवावा लागतो.

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या २१ जणांत रानडे होते. १८६२ साली ते बी.ए. झाले, १८६६ साली एल.एल.बी. झाले. त्यानंतर ते सरळ न्यायासनावर जाऊन बसले नाहीत. शिक्षण खात्यात भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूर संस्थानात न्यायाधीश, १८६८ पासून एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी आणि इतिहासाचे प्राध्यापक, असा त्यांचा प्रवास झाला. १८७१ साली त्यांनी ॲडव्होकेटची परीक्षा दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याला पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार दरमहा ८०० रुपये. वय एकोणतीस.

त्या काळची न्यायालयांची उतरंड कशी होती ते पाहा. खाली सबजज्ज, त्यावर जिल्हा न्यायाधीश आणि सर्वांत वर १८६२ साली सुरू झालेले मुंबईचे उच्च न्यायालय. सबजज्जाच्या खुर्चीवर देशी माणूस बसू शकत होता. जिल्हा न्यायाधीशाची खुर्ची मात्र बहुतेक विलायतेहून आलेल्या सनदी गोऱ्यांसाठी राखलेली असे. म्हणजे कायद्याचे ज्ञान कितीही असो, कातडीच्या रंगावर वाट अडविली जात होती. वाट अडविली जाण्याचा अनुभव पुण्यातील ब्राह्मणांना कदाचित पहिल्यांदाच येत होता. आमच्या समाजाला तो पिढ्यान् पिढ्या पाठ होता.

रानडे पुण्यात सबजज्ज झाले तेव्हा आमचे जाफराबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. शेजारच्या बुलढाणा भागात, वऱ्हाडात, इंग्रजांचा कारभार चाले. पूर्णेच्या काठावरच्या कुळाला पुण्यातल्या सबजज्जाचे नाव ऐकूनही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण सावकाराचा रोखा मात्र दोन्हीकडे सारखाच होता. अंगठा कुणाचा, आकडा कुणी घातला आणि किती घातला, हे विचारणारे कोणी नव्हते.

हा रोखाच रानड्यांच्या न्यायालयीन आयुष्यातला महत्त्वाचा धागा आहे. त्या काळी पुणे, नगर, सोलापूर, सातारा भागातले कर्जाचे दावे कसे चालत? सावकार रोखा घेऊन न्यायालयात जाई. कुळाला समन्स मिळे किंवा मिळतही नसे. मिळाले तरी दहा कोसांवरच्या न्यायालयात कामधंदा सोडून कोण जाणार? मग एकतर्फी हुकूमनामा होई आणि त्याच्या जोरावर बैल, घर, जमीन जाई. कायद्याच्या दृष्टीने सगळे शुद्ध. कागद होता, अंगठा होता, तारीख होती. न्याय तेवढा नव्हता. याचा स्फोट १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत घुसून रोखे आणि खतावण्या जाळल्या. लोण आसपासच्या गावांत पसरले. त्यांचा राग मुख्यतः कागदावर होता, ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या दंग्यांची चौकशी झाली, मागोमाग १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने न्यायाधीशाला एक नवे काम सांगितले. रोख्यावर लिहिलेला आकडा खरा मानून हुकूमनामा द्यायचा नाही. व्यवहार पहिल्यापासून उलगडायचा, मूळ रक्कम किती दिली, व्याज किती चढविले, फेड किती झाली हे शोधायचे आणि मगच खरे देणे ठरवायचे. देणे हप्त्याने फेडता येईल अशी सोय करायची. पैशाच्या देण्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही. गावपातळीवर तडजोड घडवून आणण्याचीही व्यवस्था होती. सबजज्जांच्या निकालांवर देखरेख ठेवण्यासाठी एक खास न्यायाधीश नेमला गेला.

कायदा झाला त्या वर्षी रानडे पुण्यात नव्हते. सार्वजनिक सभेचे ते कर्ते पुरुष होते, दुष्काळाच्या काळात सभेने रयतेची दैना सरकारपुढे मांडली होती. सरकारच्या डोळ्यांत ते खुपू लागले. १८७८ साली त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, पुण्यातले वाडे जळाले आणि संशयाची सुई पुण्याच्या शिकलेल्या ब्राह्मणांकडे वळली. रानड्यांना धुळ्याला धाडण्यात आले. तिथे त्यांचे टपाल फोडून वाचले जात होते, हे त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे. बदली आणि पाळत ही सरकारी माणसाला वाकविण्याची जुनी हत्यारे आहेत. आमचे जे अधिकारी चळवळीचे नाव घेतात, त्यांना ती आजही ओळखीची वाटतील.

१८८१ साली वारे फिरले. मुंबईत थोडा काळ मॅजिस्ट्रेट म्हणून काम केल्यावर रानडे याच कर्जनिवारण कायद्याखाली पुणे आणि सातारा जिल्ह्यांत तपासणीच्या कामावर आले. गावोगाव फिरून खालच्या न्यायालयांचे दप्तर तपासायचे, कुठे रोख्याच्या मागे न पाहता निकाल दिला ते शोधायचे, असे ते काम. १८८४ साली पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे ते न्यायाधीश झाले. १८८५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांना घेण्यात आले. पुढे कर्जनिवारण कायद्याखालील खास न्यायाधीशाची जागा त्यांना मिळाली. १८९३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग वारले आणि नोव्हेंबरात त्यांच्या जागी रानडे उच्च न्यायालयात गेले. हिशेब करा. बावीस वर्षे खालच्या न्यायालयांत आणि सात वर्षे उच्च न्यायालयात. इतिहास त्यांना न्यायमूर्ती म्हणून ओळखतो, पण त्यांच्या न्यायदानाचा मोठा भाग सबजज्जाच्या आणि खास न्यायाधीशाच्या खुर्चीवर झाला. शेतकऱ्याचा अंगठा त्यांनी तिथे पाहिला.

आता नाण्याची दुसरी बाजू. रानडे तपासणीसाठी फिरत होते त्याच काळात, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला. कचेऱ्या आणि न्यायालये कोणत्या जातीच्या हातात आहेत आणि अडाणी शूद्र शेतकरी तिथे कसा नागवला जातो, याचा पंचनामा त्यात आहे. एक न्यायाधीश प्रामाणिक असला म्हणून शिरस्तेदारापासून बेलिफापर्यंतची साखळी प्रामाणिक होत नाही, हे जोतीरावांनी ओळखले होते. १८८५ साली शेतकऱ्यांची स्थिती तीस वर्षांपूर्वीपेक्षा सुधारली आहे, अशा आशयाचे विचार रानड्यांनी मांडले. जोतीरावांनी लगेच इशारा ही पुस्तिका काढून त्याचा समाचार घेतला. ज्याने हजारो रोखे तपासले त्यालाही शेतकऱ्याच्या झोपडीत काय शिजते ते पुरते दिसले नाही. कारण खुर्चीवरून दिसते ते दप्तर. झोपडी दिसायला झोपडीतून यावे लागते.

तरी या दोघांचे नाते निव्वळ वैराचे नव्हते. १८७५ साली रानडे आणि त्यांच्या मंडळींनी स्वामी दयानंदांना पुण्यात आणले. सनातन्यांनी त्यांच्या मिरवणुकीवर धिंगाणा घालण्याचा घाट घातला. तेव्हा जोतीराव आपले सत्यशोधक सहकारी घेऊन संरक्षणाला उभे राहिले. संकटात कोण कामाला येतो, हे रानड्यांनी त्या दिवशी पाहिले होते.

रानड्यांची खरी परीक्षा त्यांच्या स्वतःच्या घरात झाली आणि तिथे ते नापास झाले. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा अग्रणी आता विधवेशीच लग्न करील, अशी अपेक्षा होती. वडिलांनी हट्ट धरला आणि त्याच वर्षी एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. रमाबाईंना त्यांनी शिकविले, त्या पुढे मोठ्या कार्यकर्त्या झाल्या, हे खरे. पण बालविवाह तो बालविवाह. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण झाले. धर्ममार्तंडांनी गहजब केला आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहासाठी!

१८९२ हे साल लक्षात ठेवा. याच साली महारांची भरती बंद झाली. जो हात महार सैनिकांचा अर्ज लिहायला धजावला, तोच हात चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्ताचे पाणी घेत होता. सरकारपुढे न वाकणारा न्यायाधीश जातीपुढे वाकला. बदली, पाळत, टपालाची तपासणी यांनी जे झाले नाही, ते बहिष्काराच्या भीतीने झाले. जात ही सरकारपेक्षा जबर सत्ता आहे, याचा याहून बोलका पुरावा कोणता? तिच्यावर बाहेरून टीका करता येते, पण तिच्यात राहून तिला मोडता येत नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला जे पाऊल उचलले, त्याची आवश्यकता रानड्यांच्या या पराभवातूनही समजते.

मग बाबासाहेबांनी रानड्यांचा गौरव का केला? कारण ते माणसाला त्याच्या काळाच्या तराजूत तोलत होते. राजकीय सुधारणेआधी सामाजिक सुधारणा, ही रानड्यांची भूमिका होती. सरकारशी भांडणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. स्वतःच्या समाजाशी भांडणाऱ्याच्या वाट्याला शिव्या येतात. १८९५ साली पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनात सामाजिक परिषदेला मंडपसुद्धा मिळू दिला गेला नाही. जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी या प्रसंगाची आठवण दिली आहे. सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकत नाही, हा बाबासाहेबांचा सिद्धांत. त्या दिशेने चाचपडत गेलेल्या माणसाला त्यांनी त्याचे माप दिले. ना जास्त, ना कमी. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे वारले तेव्हा भीमराव अवघा नऊ वर्षांचा होता. त्या अर्जाला यश आले नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत १९१७ साली महारांची पलटण पुन्हा उभी राहिली, १९२१ साली मोडली गेली आणि महार रेजिमेंट व्हायला १९४१ साल उजाडावे लागले.

अर्ज लिहून देणारा दुसरा आणि अर्ज करणारे आम्ही, ही १८९२ ची स्थिती होती. संविधानाने ती बदलली. आज कनिष्ठ न्यायाधीशांची नेमणूक अनुच्छेद २३४ प्रमाणे होते, महाराष्ट्रात लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत आणि मग दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. तिथून वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश आणि पुढे उच्च न्यायालयाचे दार. रानड्यांना जी मधली पायरी गोऱ्यांसाठी राखलेली दिसली, ती आता कोणालाच बंद नाही. आणि एक गोष्ट आमच्या समाजाने भिंतीवर लिहून ठेवावी. उच्च न्यायालयाच्या नेमणुकांत आरक्षण नाही, पण या कनिष्ठ न्यायसेवेच्या भरतीत आहे. उच्च न्यायालयाचे काही न्यायाधीश जिल्हा न्यायाधीशांमधूनच निवडले जातात. म्हणजे आरक्षण नसलेल्या त्या माडीवर जायचा आमचा जिना तालुक्याच्या न्यायालयातून सुरू होतो.

२० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या परीक्षेसाठी तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश भूषण गवई, त्या पदावर पोहोचलेले पहिले बौद्ध. न्यायालयाचा अनुभव नसलेला माणूस न्यायासनावर बसला तर पक्षकारांचे हाल होतात, हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ज्याच्या घरात कोणी वकील नाही, त्याच्यासाठी तीन वर्षांची वकिली म्हणजे तीन वर्षे घरून भाकरी खाणे आहे. सनद मिळाली तरी अशिले लगेच येत नाहीत. ज्येष्ठाच्या हाताखाली फायली उचलायच्या आणि खोलीचे भाडे बापाच्या मजुरीतून भरायचे. कारकुनाच्या मुलाला, रानड्यांना, त्या काळात भाषांतरकाराचा आणि प्राध्यापकाचा पगार होता. जाफराबादच्या शेतमजुराच्या मुलीला काय आहे?

तिला समाज आहे, असे उत्तर आम्हाला द्यायचे आहे. जयंतीला डी.जे. लावून एका रात्रीत आम्ही जेवढा पैसा उडवतो, तेवढ्यात एका होतकरू वकील मुलीचा महिनोन्‌महिन्यांचा खर्च निघेल. विहाराच्या वर्गणीतून तालुक्यातील एकदोन मुलांना तीन वर्षे दरमहा मदत ठरवून द्यावी. विहारात कायद्याची पुस्तके आणि जुन्या प्रश्नपत्रिका ठेवाव्यात. जे आमचे वकील जालन्याला आणि औरंगाबादच्या खंडपीठात नाव कमावून बसले आहेत, त्यांनी एकेक तरी कनिष्ठ वकील पगार देऊन तयार करावा. आमची मुले उपजिल्हाधिकारी, तहसीलदार, फौजदार होण्यासाठी वर्षानुवर्षे पुण्यात खोल्या घेऊन अभ्यास करतात. न्यायसेवेचे नाव मात्र फार थोड्या घरांत निघते. हे चित्र बदलले पाहिजे.

टेंभुर्णीहून, माहोऱ्याहून जाफराबादच्या न्यायालयात येणारा माणूस कोण असतो? गायरानाच्या तुकड्यासाठी भांडणारा भूमिहीन, पोटगीचा अर्ज घेऊन आलेली बाई, जामिनासाठी भावकी गोळा करणारा बाप. यांतले फार थोडे उच्च न्यायालयापर्यंत जातात. त्यांच्यासाठी भारताचे संविधान म्हणजे समोरच्या खुर्चीवर बसलेला तो एक न्यायाधीश. तो कागदावरचा आकडा वाचून थांबतो की कागदामागचा अंगठा पाहतो, यावर त्यांचे आयुष्य ठरते. रानड्यांनी अंगठा पाहायला सुरुवात केली. पण ते जातीतून बाहेर पडू शकले नाहीत.

आमचा न्यायाधीश त्याच्या पुढे गेला पाहिजे. त्याला प्रायश्चित्त मागणारा शंकराचार्य नाही, त्याची वाट अडविणारा गोरा साहेब नाही. त्याच्यापाशी बाबासाहेबांनी लिहिलेले संविधान आणि बाबासाहेबांनी दिलेला धम्म आहे. सुभेदार रामजींच्या पिढीला अर्ज लिहून घेण्यासाठी रानड्यांच्या दारी जावे लागले. आज तसा अर्ज घेऊन कोणी आले, तर निकाल लिहिणारा हात आमचा असला पाहिजे. तो हात तयार करण्याचे काम तालुक्यातालुक्यांतून आजपासूनच सुरू झाले पाहिजे.

जयभीम!